किनार धरून की सोडून?

चालू प्रोसेसच्या, म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रामच्या, मेमरीतला एखादा पत्ता कुठल्या फाइलचा, हे शोधायला पूर्वी प्रॉकमधली (लिनक्स चालू प्रोसेसची माहिती जिथे दाखवतो ती डिरेक्टरी) मॅप्स फाइल ओळीने वाचत जावं लागायचं. मोठ्या प्रोग्रामला हजारो ओळी, हवी असते एकच. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या लिनक्स 6.11 पासून त्याच फाइलवर प्रॉकमॅप-क्वेरी हा आयोक्टल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) थेट विचारणा करणारा कॉल, चालतो. पत्ता द्यायचा, तेवढाच तुकडा परत येतो: सुरुवात, शेवट, परवानग्या, नाव. टीमसाठी याचं मराठी टिपण लिहायचं काम मी मागून घेतलं.

या कॉलची फील्डं जिथे लिहिलेली असतात ती हेडर फाइल समोर ठेवून दोन रात्रींत मसुदा झाला. एप्रिलचा सोलापुरी उकाडा, म्हणून रात्रीच बसायचो. घरच्या मशीनवर 6.8 कर्नल होता. तिथे प्रत्येक कॉल ‘या उपकरणाला हा आयोक्टल लागू नाही’ म्हणत परत यायचा, म्हणून न चालवताच लिहीत गेलो. ते चुकलंच.

मसुदा वाचला आमच्याकडच्या ज्युनिअरने. तिचं घर पूर्व भागात, वडिलांचे माग. नावाच्या लांबीपाशी ती थांबली. “दादा, ही लांबी किनार धरून की सोडून?”

मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या नव्या कर्नलवर दोघं बसलो. हीपचा, म्हणजे प्रोग्राम चालताना मागून घेतो त्या मेमरीचा, तुकडा विचारला. त्याचं नाव ‘[heap]’. चार अक्षरं, दोन चौकटी कंस, म्हणजे सहा बाइट. उत्तर आलं सात. नाव संपलं हे सांगणारा शेवटचा शून्य बाइट धरलेला! मी मसुद्यात सहा लिहिले होते. नाव ठेवायला तेवढाच बफर (मेमरीतली जागा) देऊन पाहिला तर कॉल ‘नाव फार लांब’ म्हणून फसला. तुकड्याच्या शेवटच्या पत्त्याचं मात्र उलटं, तो तुकड्यात धरत नाहीत.

मग प्रत्येक वाक्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला. रिकाम्या जागेतला पत्ता दिला की ‘असं काही नाही’ येतं. ‘हा किंवा पुढचा’ हा फ्लॅग (कॉलसोबत द्यायचा पर्याय) लावला की पुढचा तुकडा मिळतो. शून्यापासून सुरू करून दर वेळी मिळालेला शेवट पुढचा पत्ता म्हणून दिला, तर सगळी प्रोसेस पालथी घालता येते. मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं, म्हणून त्यावर अख्खं पान दिलं.

लांबीच्या फील्डखालची ओळ तिच्याकडूनच लिहून घेतली: ‘शेवटचा शून्य बाइट धरून.’