आमची वाटचाल: कर्ण्यापासून गोव्यातल्या अंगणातल्या बारपर्यंत

आमचं दुकान सावंतवाडीत, काम साउंडचं. दोन खोल्या, एक टेम्पो, मी, माझा धाकटा भाऊ आणि हाताखाली दोन पोरं, एवढाच पसारा. पण लोक नेहमी विचारतात की तुमच्याकडे सगळे एवढेएवढेसे स्पीकर का, डीजेचे टॉप-बेसचे मोठे बॉक्स कुठे गेले, वराती का घेत नाही, तर त्याचं उत्तर गोव्यातल्या एका बारमध्ये आहे आणि ते फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

सुरुवात बाबांनी केली, १९८० च्या दशकात. आहुजाचा एक अँप्लिफायर, दोन कर्णे, एक गाडीची बॅटरी. सत्यनारायण, जत्रा, निवडणुकीचा प्रचार, जे येईल ते. पण बाबांचं खरं प्रेम भजनाच्या डबलबारीवर. ज्यांनी सिंधुदुर्गातली डबलबारी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन बुवा समोरासमोर आपापली मंडळी घेऊन बसतात आणि रात्रभर आळीपाळीने गातात, एकाच्या गजराला दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि समोरचं पब्लिक इतकं जाणकार की पखवाजाचा एक हात चुकला तरी लगेच कुजबुज सुरू. तिथे माईकवाल्याला कान लागतो. पखवाजाची शाईची बाजू वेगळी, कणकेची बाजू वेगळी, पेटी किती वर, झांज किती लांब, हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं, ते बसून ऐकायचे आणि मग माईक हलवायचे. आमच्या घरात साउंड म्हणजे हेच होतं.

नंतर डीजेचा जमाना आला. आम्हीपण लोन काढून बॉक्स घेतले, जनरेटर घेतला, लाईट घेतल्या. पैसा मिळायचा हे खरंय, त्याच पैशात बहिणीचं लग्न झालं. पण स्पर्धा कसली तर वॅटची. त्यांचे अठरा बॉक्स तर आमचे वीस. कुणी गाणं ऐकतंय असं दिसायचंच नाही, छातीत धडधडलं पाहिजे एवढीच मागणी. वर गोव्याच्या बाजूच्या एका मोठ्या हॉटेलने सीझनभर काम करून घेऊन पैसे असे लटकवले की जनरेटरचे हप्ते घरातून भरावे लागले.

अशात एक दिवस एका ओळखीच्या व्हायोलिनवाल्या काकांचा फोन आला, गोव्यात बार्देश तालुक्यातल्या एका गावात एक बार आहे, तिथे आम्ही शनिवारी वाजवतो, साउंडच्या मिक्सरमधून घुंईघुंई आवाज येतोय, येऊन बघता का. बांदा, पत्रादेवी, पेडणे करत म्हापशाच्या अलीकडे आत वळलो. एप्रिल महिना, काजूचा वास सगळीकडे. बारचं नाव लिहीत नाही, मालकांनीच सांगितलंय की आहेत ती टेबलं पुरे, गर्दी नको.

काय जागा आहे हो ती! बाहेरून बघाल तर जुनं घर, पुढे बलकांव म्हणजे ओटा, दोन्ही बाजूंना बसायचे दगडी सोपे, खिडक्यांना शिंपल्यांच्या चकत्या. बोर्डसुद्धा हाताएवढा. आत शिरलात की लाकडी काउंटर, मागे फेणीचे मोठे काचेचे गर्राफांव (बुधले), भिंतीवर एक मोडका ट्रॉम्बोन ज्याच्या तोंडात बल्ब बसवलाय, एका कोपऱ्यात पायपेटी, तिच्यावर मांजर झोपलेलं, आणि दोन खुर्च्या एकसारख्या सापडणार नाहीत, कारण गावात कुणाचं जुनं घर मोडलं की तिथली एक खुर्ची इकडे येते. बिल पाटीवर खडूने. आणि मग मागचं दार उघडलं की अंगण. मधे फणसाचं मोठं झाड, त्याच्याभोवती चिऱ्याचा पार, चारी बाजूंनी चिऱ्याचं कंपाउंड, टेबलं झाडाच्या सावलीच्या हिशोबाने मांडलेली. स्टेज म्हणजे एका कोपऱ्यात कौलांची छपरी. बस.

उर्राक मागवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काजूचे बोंडू (फळं) तुडवून-दाबून रस काढतात, तो आंबवतात आणि भट्टीवर पहिल्यांदा गाळतात ते उर्राक, पुन्हा गाळलं की फेणी. उर्राक हलकं, आणि मिळतं ते फक्त उन्हाळ्यात. लिमका, मीठ, लिंबू, एक उभी चिरलेली हिरवी मिरची. काजूच्या फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाला, पण या बारमध्ये त्याची कुणी चर्चा करत नाही, कुठल्या गावची भट्टी यावर मात्र तासभर वाद होतो. सोबत चोरीस-पाव (गोव्याचं डुकराचं मसालेदार सॉसेज आणि पाव), रवा लावलेले बांगडे, नीरफणसाची कापां. टेम्पो मी चालवत होतो म्हणून माझ्या वाट्याला नुसती लिमका आणि कापां, पण तक्रार नाही.

घुंईघुंईचं कारण दहा मिनिटांत सापडलं. मिक्सर आणि किचनमधला फ्रीज एकाच लाइनवर, अर्थिंग दोन ठिकाणी, म्हणून हम. वायर बदलली, मिक्सरची लाइन वेगळी केली, झालं. निघणार एवढ्यात वाजवणारे आले आणि काकांनी हाताला धरून बसवलं.

तिघंच होते. गिटार, व्हायोलिन आणि घुमट, म्हणजे कातडं लावलेलं मातीचं वाद्य. लाइट पण गेली होती तेव्हा, त्यामुळे सुरुवात बिनमाईकची झाली. आधी एक मांडो, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं जुनं कोकणी गाणं, संथ, सहाच्या ठेक्यात, मग त्याला जोडून दुलपद, वेग वाढत गेलेलं. अंगणातलं बोलणं आपोआप थांबलं. कुणी श्श केलं नाही, कुणी सांगितलं नाही. शेवटच्या टेबलवरची बाई नुसते ओठ हलवत गात होती आणि मला ते ऐकू येत होतं. कित्येक वर्षांनी मी गाणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्याचा पण आवाज ऐकत होतो. डबलबारीत बाबांच्या शेजारी बसायचो ते आठवलं आणि मी भावाला तिथेच म्हटलं, आपण हे काम करायचं.

या गोव्याच्या वादकांबद्दल थोडं सांगायलाच हवं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन शिकवायचे, त्यामुळे गावागावात व्हायोलिन, ट्रम्पेट वाचून वाजवणारे तयार झाले, आणि पुढे मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा यांच्या जिवावर चालले. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस या सिनेमातल्या म्युझिक अरेंजरांची नावं तर जुन्या गाण्यांच्या शौकिनांना माहीत असतीलच. आमचे काका त्याच परंपरेतले, समोर कागद ठेवला की पहिल्या फटक्यात वाजवणार. आणि घुमट तर आपलंच, गणपतीत आरतीला शामेळ-कांसाळ्याबरोबर (एक चर्मवाद्य आणि झांजा) घुमट वाजतं आणि तेच घुमट ख्रिस्ती घरात मांडोला वाजतं. गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्याने बंदी आहे म्हणून बकरीचं लावतात.

मालकांना आम्ही पात्रांव म्हणतो, ते मला बाब म्हणतात. त्यांनी त्या रात्री विचारलं, शनिवारी गर्दी असते, मागच्या टेबलांना ऐकू येत नाही, काय करूया? आणि लगेच पुढे म्हणाले, "बाब, म्हाका आवाज व्हड नाका, बरो जाय." म्हणजे मला आवाज मोठा नको, चांगला हवा. एवढी स्पष्ट ऑर्डर मला धंद्यात आधी कधी कुणी दिली नव्हती.

आता काम काय केलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण अंगणवाले बारमालक, कॅफेवाले हे वाचत असतील तर त्यांच्या उपयोगाचं आहे. अडचण दोन बाजूंनी होती. आत शेवटच्या टेबलपर्यंत आवाज पोचला पाहिजे आणि बाहेर शेजाऱ्याच्या घरात तो जाता कामा नये. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला एरवी बंदी. साधं माणसांचं बोलणंच ६० च्या आसपास जातं, यावरून अंदाज घ्या.

सगळे करतात काय, स्टेजच्या दोन बाजूंना दोन मोठे बॉक्स ठेवतात आणि मागच्या टेबलला ऐकू येईपर्यंत वाढवत जातात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणजे मागच्याला पुरेसा व्हायला पुढच्याचे कान फोडावे लागतात, आणि तो सगळा आवाज कंपाउंडवरून गावात. आम्ही उलटं केलं. स्टेजचे बॉक्स काढलेच. झाडाच्या पाराला आणि छपरीच्या खांबांना छोटे छोटे स्पीकर, प्रत्येक दोन-तीन टेबलांना एक, तोंड खाली, आवाज अगदी बारीक. माणूस स्पीकरच्या जवळ असला की मोठा आवाज लागतच नाही. पण मग एक गोम होते, गाणारा समोर आणि आवाज डोक्यावरून आला तर ते खोटं वाटतं. म्हणून डिले लावायचा. हवेत आवाजाला १० मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, तेवढा उशीर आणि वर थोडासा त्या लांबच्या स्पीकरला दिला की कानाला आधी स्टेजवरचा खरा आवाज लागतो आणि स्पीकर चालू आहे हे कळतसुद्धा नाही. हे मोजायला टेप लागते आणि धीर लागतो, प्रत्येक टेबलवर जाऊन बसायचं, ऐकायचं, उठायचं, पुन्हा.

छपरीचं तोंड आधी रस्त्याकडे होतं, ते घराकडे फिरवलं. मागच्या गिलावा केलेल्या भिंतीवरून आवाज परत येत होता, तिथे जुन्या जाड गोधड्या टांगल्या, पात्रांवच्या आईच्या हातच्या, दिसायलाही सुंदर. बेसचा बॉक्स नाहीच, कारण बेसच भिंती ओलांडून लांब जातो.

घुमटाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. मातीचं भांडं, एका मोठ्या तोंडाला कातडं, दुसरं बारीक तोंड उघडं. वाजवणारा उजव्या हाताने कातड्यावर वाजवतो आणि डाव्या पंजाने ते बारीक तोंड उघडझाप करतो, त्यातूनच तो घुमारा येतो. कातड्यासमोर माईक लावला तर नुसतं टकटक, मागच्या तोंडाशी लावला तर नुसतं भुमभुम आणि त्याच्या हाताला अडचण. शेवटी शुअरचा साधा एसएम ५८ माईक वीतभर लांब, बाजूने, दोन्ही तोंडांच्या मधे धरला आणि वाजवणाऱ्याने मान हलवली. बाबा तेव्हा सोबत आले होते, ते म्हणाले, पखवाजाचंच काम आहे हे.

मग शेजारच्या बाय. एकट्या राहतात, वय झालंय, आणि त्यांचं म्हणणं होतं की बारचा आवाज झोपू देत नाही. मीटर घेऊन त्यांच्या झोपायच्या खोलीत गेलो, काकांना वाजवायला सांगितलं, आकडा ठीक होता. त्या म्हणाल्या, हा आवाज नव्हे रे, रात्रभर असतो तो. दहानंतर सगळं बंद करून पुन्हा त्यांच्या खोलीत उभे राहिलो तेव्हा कळलं, किचनमागच्या डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर बरोबर त्यांच्या खिडकीखाली. पात्रांवनी दुसऱ्याच आठवड्यात तो पलीकडच्या बाजूला हलवला. तेव्हापासून कुठल्याही जागेचं काम घेताना मी आधी शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसतो, मग स्टेज बघतो.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळं ठप्प झालं. टेम्पो दारात. त्याच काळात आम्ही डीजेचे बॉक्स आणि जनरेटर विकून टाकले, येईल त्या भावाला, आणि आलेल्या पैशातून छोटे स्पीकर, दोन चांगले डिजिटल मिक्सर आणि भरपूर केबल घेतली. भावाला भीती वाटत होती, बायको पण काळजीत होती, पण बाबा म्हणाले कर. पुन्हा बार उघडले तेव्हा लोकांना बंद हॉलमध्ये बसायचं नव्हतं, सगळ्यांना अंगण हवं होतं, आणि अंगणाचं काम करणारे आसपास फार कुणी नव्हते.

आता कामं येतात ती ऐकून येतात. पेडण्यात एक होमस्टे, म्हापशाकडे दोन कॅफे, वेंगुर्ल्यात समुद्राकाठचं एक छोटं हॉटेल, कुडाळात एक हॉल. डबलबारी आम्ही अजूनही करतो आणि करत राहणार, त्यात पैसे कमी आहेत पण बाबा अजून माईक हलवायला येतात. पावसाळ्यात अंगणं बंद, तेव्हा मेंटेनन्स. खारी हवा आणि दमट, दोन्ही मशीनच्या मुळावर, जॅकला गंज येतो, मिक्सरच्या पट्ट्या खरखरायला लागतात. एका कपाटात बारीक बल्ब कायम पेटता ठेवून सगळे माईक त्यात ठेवतो. ग्राहकांना पण हेच सांगतो, महागडी मशीन घेण्याआधी कपाट करा.

ज्यांना त्या बारमधलं गाणं ऐकायचंय त्यांनी आधी आम्हाला फोन करावा, पात्रांवना विचारून पत्ता देतो. शनिवारी संध्याकाळी लवकर जा, फणसाखालच्या पाराजवळचं टेबल मागा, आणि गाणं चालू असताना ऑर्डर देऊ नका, तिथले वेटर पण ऐकत असतात.

सध्या गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या एका जुन्या तावेर्नाचं, म्हणजे गावच्या दारूच्या गुत्त्याचं काम हातात आहे. मेंडोलिन आणि दोन आवाज, अंगण लांबट आणि अरुंद, शेजारी दोन्ही बाजूंना, आणि मालकीणबाईंची अट आहे की एकही स्पीकर दिसता कामा नये. पहिली मोजणी झालीये. गणपती झाले, आरत्या-भजनांची गडबड संपली, की सामान घेऊन जायचं ठरलंय.