दाणा आत

बाबांचं कोल्हापुरात, शाहूपुरीत काचेचं दुकान होतं. शाळेतून आले की माझं काम एकच, ऑर्डरची वही वाचून दाखवायची. बाबा काच कापायची हिरकणी धरून टेबलापाशी उभे, मी स्टुलावर. एका काचेला एक ओळ: माप इंच-सुतात, मग जाडी, मग प्रकार, आणि काच दाणेदार असेल तर शेवटी दोन शब्द, 'दाणा आत' किंवा 'दाणा बाहेर'. जिन्याच्या खिडकीला दाणा आत, म्हणजे रस्त्याची धूळ बसली तर गुळगुळीत बाजू फडक्याने पुसता येते. हे दोन शब्द वाचायचे राहिले तर बाबा हात थांबवायचे आणि विचारायचे, "आणि बाजू?"

आता मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बिमचं, म्हणजे इमारतीच्या माहितीसकट संगणकी मॉडेलचं, काम बघते. बाणेरच्या एका ऑफिस इमारतीचा काचेचा दर्शनी भाग गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. बाबांचा तो प्रश्न मला या कामात फार उशिरा आठवला, म्हणून हे लिहिते आहे.

मॉडेलमध्ये काच बसवतो तेव्हा आपण नुसती निळसर आयताकृती चकती ठेवत नाही. तिच्याबरोबर माहिती जाते: किती थर, मधली पोकळी किती, उष्णता किती वेगाने आरपार जाते ती यू व्हॅल्यू, उन्हाची किती उष्णता आत येते तो एसएचजीसी, उजेड किती येतो ती व्हीएलटी. काच बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या असे तयार ऑब्जेक्ट देतात. आम्ही पहिल्यांदा घेतलेला ऑब्जेक्ट दिसायला अप्रतिम होता. दोन काचांमधली स्पेसरची पट्टी, कडेचं रबरी गॅस्केट, स्क्रूसुद्धा काढलेले. तो बाराशे ठिकाणी बसवल्यावर मॉडेल उघडायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागायला लागला. आणि एवढं सगळं काढलेल्या त्या ऑब्जेक्टमध्ये कोटिंग, म्हणजे काचेवरचा ऊन अडवणारा पातळ थर, कुठल्या बाजूला आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुहेरी काचेला चार पृष्ठं असतात. मोजणी बाहेरून: रस्त्याकडचं एक, पोकळीच्या अलीकडचं दोन, पलीकडचं तीन, खोलीतलं चार. ऊन अडवणारं कोटिंग आपल्या हवेत दोन नंबरवर हवं, म्हणजे तापलेली बाहेरची काच उष्णता बाहेरच टाकते. तेच तीनवर गेलं तर यू व्हॅल्यू तीच राहते, पण एसएचजीसी वाढतो. काच दिसायला जवळपास तशीच. मे महिन्यात खिडकीशेजारी बसणाऱ्या माणसाला मात्र फरक कळतो.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. रेव्हिटमध्ये, म्हणजे आम्ही मॉडेल ज्यात करतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, भिंतीची बाहेरची बाजू ती कुठून कुठे ओढली यावर ठरते. जिन्याच्या पश्चिमेची भिंत कोणीतरी उलट दिशेने ओढली होती. त्यामुळे तिच्यातले ४२ पॅनल आतबाहेर झाले. मॉडेलमधून निघणाऱ्या काचांच्या तक्त्यात सगळं बरोबर दिसत होतं, कारण तक्ता फक्त थर मोजतो, तोंड बघत नाही. ऑर्डर जायला दोन दिवस असताना फसाडवाल्यांच्या, म्हणजे हा दर्शनी भाग बनवून लावणाऱ्यांच्या, ड्राफ्ट्समनचा फोन आला, "मॅडम, या एकाच भिंतीत आतली काच मोठी कशी?" आमच्या पॅनलची कड पायरीसारखी आहे, बाहेरची काच आतलीपेक्षा मोठी, सिलिकॉनने चिकटवायला. असा पॅनल जागेवर फिरवून लावता येत नाही. आणि काच टफन झाली, म्हणजे भट्टीत तापवून कडक केली, की कापणं, भोक पाडणं संपलं. जे करायचं ते भट्टीत जायच्या आधी. बाबांच्या दुकानात चूक झाली तर मोठ्या काचेतून लहान खिडकी निघायची. इथे ४२ काचा भंगारात गेल्या असत्या. त्या माणसाचे आभार मी फोनवर मानले, पण ते पुरेसे वाटले नाहीत.

मग मी शोधत बसले, की ही माहिती मुळात राहते कुठे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नेण्यासाठी आयएफसी नावाचा खुला साचा आहे. त्यात दारं-खिडक्यांच्या काचेसाठी गुणधर्मांचा ठरलेला संच आहे. तीन जाड्या, पोकळीतला वायू, रंग, टफन आहे का, लॅमिनेटेड (मध्ये पापुद्रा घालून चिकटवलेली) आहे का, कोटिंग आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही. कुठल्या पृष्ठावर, हा रकानाच नाही! शिवाय आमचे पॅनल रेव्हिटमधून बाहेर पडतात ते 'प्लेट' म्हणून, खिडकी म्हणून नाही, त्यामुळे तो संच त्यांना आपोआप लागतही नाही. जगभरची जाणकार माणसं बसून हे साचे ठरवतात, त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण काच लावणारा माणूस जो प्रश्न पहिल्यांदा विचारतो, तो तिथे असायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्याबरोबर काम करणारी मुलगी यात अडकली होती. ऑब्जेक्टमधली यू व्हॅल्यू बहुतेक वेळा काचेच्या मधोमधची असते. इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या आपल्या २०१७ च्या ईसीबीसी संहितेत ३.० ची मर्यादा आहे ती चौकटीसकट अख्ख्या खिडकीची. काच १.६ ची, पण १५ टक्के भाग साध्या अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्याची यू व्हॅल्यू ७ धरली, तर सरासरी २.४ वर जाते, काचेच्या कडेचं नुकसान वेगळंच. आणि ऑब्जेक्ट अमेरिकी असेल तर आकडा ०.२९ असा दिसतो. तो त्यांच्या एककात असतो. आपल्या एककात आणायला ५.६८ ने गुणायचं, म्हणजे साधारण १.६५. तिने ०.२९ तसाच भरला होता आणि एसी किती लहान लागेल म्हणून खूश झाली होती. तिला मी रागावले नाही. एकक न लिहिणाऱ्या ऑब्जेक्टवर रागावले.

आता आमचा ऑब्जेक्ट आम्हीच केला आहे. आकार अगदी साधा, दोन काचा आणि मधली पोकळी. स्पेसर आणि सिलिकॉन डिटेल ड्रॉइंगमध्ये एकदाच काढतो. प्लॅनमध्ये प्रत्येक पॅनलवर बाहेरच्या दिशेने एक छोटा बाण दिसतो, भिंत उलटली की बाणही उलटतो आणि लगेच डोळ्यांत भरतो. कोटिंगचं पृष्ठ वेगळ्या रकान्यात, आयएफसीत जाताना आमच्याच संचातून. प्रत्येक आकड्याशेजारी एकक, आणि तो काचेचा की चौकटीसकट, हेही. वजनाचं सूत्रही घातलं: १ मिलीमीटर जाडीला दर चौरस मीटरला अडीच किलो. १.४ बाय ३.२ मीटरचा, ८ आणि ६ मिलीमीटरचा पॅनल सुमारे १५७ किलो भरतो. हा आकडा उचलणाऱ्या माणसांना आदल्या दिवशी कळला पाहिजे, पॅनल दोरीला लटकल्यावर नाही.

गेल्या शनिवारी जिन्याच्या त्या भिंतीच्या काचा साइटवर आल्या. लोखंडी स्टँडवर उभ्या होत्या. फसाडवाल्यांच्या मुकादमाने खिशातून लायटर काढला आणि बाहेरच्या बाजूने काचेसमोर पेटवला. काचेत चार ज्योती दिसतात, एका पृष्ठाची एक. ज्या ज्योतीचा रंग वेगळा, तिथे कोटिंग. तो मोजत होता, मी मॉडेल उघडून पॅनलचा नंबर वाचत होते. "दोन," तो म्हणायचा. "दोन," मी म्हणायचे. अंधार पडेपर्यंत एकतीस झाल्या. उरलेल्या अकरा सोमवारी.