पिवळ्या अक्षरांची गुणवत्ता यादी

लोक तिकीट काढून बघायला आलेले असताना त्यांना आधी वाचायला बसवणं हा खरं तर आगाऊपणा आहे. 'स्टार वॉर्स' १९७७पासून तो करत आलाय आणि आपण तो नुसता खपवून घेत नाही, त्याची वाट बघतो. काळ्या पडद्यावर निळ्या अक्षरांतली ती 'फार फार पूर्वी, फार फार दूरच्या दीर्घिकेत'वाली ओळ. क्षणभर काहीच नाही. मग जॉन विल्यम्सचा वाद्यवृंद एकदम कोसळतो आणि पिवळी अक्षरं खालून वर, निमुळती होत, ताऱ्यांमध्ये निघून जातात. चाहते त्याला 'क्रॉल' म्हणतात. मुख्य मालिकेत सिनेमे नऊ, म्हणून क्रॉलही नऊ. सिनेमांची क्रमवारी लावायला घेतली की हमरीतुमरीवर प्रकरण जातं, म्हणून मी आपला क्रॉलपुरताच बोलतो. चांगला सिनेमा आणि चांगला क्रॉल हे एकत्र नांदतातच असंही नाही.

माझी कसोटी साधी आहे. क्रॉल ही हकिगत नव्हे, धक्का आहे. त्याचं शेवटचं वाक्य जिथे सुटतं तिथूनच पहिलं दृश्य पळायला लागलं पाहिजे. शेवटी जी ओळीने टिंबं दिलेली असतात, ती उगीच नाहीत.

या कसोटीवर पहिला नंबर 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चा (१९८०). आधीचा सिनेमा संपला तो पदकं, टाळ्या आणि हसरे चेहरे यांवर. साम्राज्याचं डेथ स्टार नावाचं महाकाय युद्धस्थानक फुटलं, आपण जिंकलो. आणि तीन वर्षांनी पडद्यावर पहिलंच वाक्य येतं की बंडखोरांवर वाईट दिवस आले आहेत. डेथ स्टार नष्ट झाला हे पुढच्या वाक्यात मान्य केलंय, पण 'जरी' लावून. त्या एका 'जरी'ने सगळा विजयोत्सव गुंडाळून ठेवला. साम्राज्याने बंडखोरांना त्यांच्या तळावरून हुसकावलंय, ते आता होथ नावाच्या बर्फाळ ग्रहावर लपलेत, आणि बंडखोरांचा तरुण नायक ल्यूक याच्या शोधाने झपाटलेल्या डार्थ व्हेडर या साम्राज्याच्या खलनायकाने अवकाशात हजारो शोधयानं सोडली आहेत. टिंब, टिंब, टिंब. कॅमेरा वळतो आणि समोर एका प्रचंड जहाजातून शोधयानं सुटताना दिसतात. वाक्यातलं क्रियापद पडद्यावर घडतंय! याहून जास्त काय मागायचं?

पहिल्या सिनेमाचा क्रॉल दुसरा. हे वाचून काही जण भुवया उंचावतील, कारण मुळात हा प्रकारच त्याने रूढ केला. पण शोध त्याचाही नव्हे. 'स्टार वॉर्स'चा कर्ता जॉर्ज ल्यूकस याच्या डोक्यात होत्या १९३०च्या दशकातल्या 'फ्लॅश गॉर्डन'च्या चित्रपटमालिका. दर आठवड्याला एक भाग, आणि मागच्या आठवड्यात काय झालं ते सांगणारी अक्षरं सुरुवातीला. शीर्षकांची रचना करणाऱ्या डॅन पेरीने १९३९च्या 'युनियन पॅसिफिक'कडे बोट दाखवलं, ज्यात नावं रेल्वेच्या रुळांवरून दूर पळत जातात. ल्यूकसची गंमत अशी की त्याच्याकडे मागचा आठवडाच नव्हता. कधी न बनलेल्या भागाचा सारांश तो ठोकून देत होता, आणि प्रेक्षक मुकाट्याने मान डोलावत होते. या क्रॉलवर आज दिसणारी 'भाग चौथा' ही ओळ तर तेव्हा नव्हतीच. ती १९८१च्या पुनःप्रदर्शनात आली.

मूळ मजकूर लांबलचक होता. कच्चा सिनेमा मित्रांना दाखवला तेव्हा दिग्दर्शक ब्रायन डी पामाने त्या मजकुराची यथेच्छ टर उडवली आणि मग जे कॉक्सच्या सोबतीने तो नव्याने लिहायला मदतही केली. (टवाळ मित्र परवडतात ते असे.) उरले तीन परिच्छेद. यादवी युद्ध सुरू आहे, बंडखोरांनी पहिला विजय मिळवलाय, हेरांनी डेथ स्टारचे आराखडे पळवलेत, राजकन्या लेया ते घेऊन घराकडे निघालीय आणि साम्राज्याचे लोक तिच्या मागावर आहेत. लगेच डोक्यावरून एक इवलं जहाज जातं आणि त्यामागे संपता न संपणारं दुसरं. हे सगळं तेव्हा संगणकाने झालेलं नाही. साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब अशा मजकुराच्या प्रतिकृतीवरून कॅमेरा सरकवत नेला होता. जराही न अडखळता तो सरकवणं हे किचकट काम. 'द फँटम मेनेस'पासून क्रॉल संगणकावर बनू लागला, पण चालणं तेच राहिलं.

तिसरा 'द फोर्स अवेकन्स' (२०१५), आणि तोही पहिल्या वाक्यासाठी. ल्यूक स्कायवॉकर नाहीसा झालाय. संपलं. १९८३पासून बत्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस पहिल्या ओळीतच गायब! नऊ क्रॉलमध्ये याहून धारदार सुरुवात नाही. 'रिव्हेंज ऑफ द सिथ'ची (२००५) 'युद्ध!' ही एकशब्दी डरकाळी जवळपास तिथवर पोचते, आणि शेवटचं वाक्य थेट लढाईच्या तोंडी नेऊन सोडतं. पण मध्ये एक ओळ आहे, नायक दोन्ही बाजूंना आहेत. वाचताना काटा येतो. पुढचे दोन तास त्या दुसऱ्या बाजूचा एक नायक शोधून दाखवा. म्हणून चौथा.

आता ज्याची जगभर चेष्टा झाली त्याच्याकडे. 'द फँटम मेनेस' (१९९९). सोळा वर्षं लोकांनी डोळे लावून बसायचं आणि पडद्यावर काय, तर दूरच्या ताऱ्यांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांवरच्या करांवरून वाद! मला मात्र हा क्रॉल आवडतो आणि मी त्याला पाचवा देतो. लोकशाही संपते कशी, तर आधी करांवरून तंटा, मग नाकेबंदी, मग सभागृहात न संपणारी चर्चा आणि तोवर पडद्यामागे गुपचूप हललेली सूत्रं. चर्चा न संपणारी आहे हे क्रॉल स्वतःच सांगतो आणि पुढच्या तीन सिनेमांची चावी तिथेच ठेवून जातो. रुक्ष आहे, पण खोटा नाही. शिवाय शेवटी दोन जेडाय, म्हणजे शांततेचे रखवालदार असलेले योद्धे, तडजोडीला निघतात आणि पहिल्याच दृश्यात त्यांचं यान नाकेबंदीकडे चाललेलं असतं. कसोटी पार.

'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) सहावा. ल्यूक मित्राला सोडवायला निघालाय आणि त्याला ठाऊक नाही की साम्राज्य दुसरा डेथ स्टार बांधतंय. नायकाला माहीत नसलेलं आपल्या कानात सांगणं ही युक्ती छान, पण सांगितलेली बातमी शिळी. शेवट तर पहिल्या क्रॉलचेच शब्द उचलून होतो. सातवा 'द लास्ट जेडाय' (२०१७). त्याची अडचण अशी की आधीचा सिनेमा संपला आणि जवळजवळ लगेच हा सुरू झाला. मध्ये काळच गेलेला नाही, तर क्रॉलने भरायचं काय? तरी बिचाऱ्याने भरलंय. आठवा 'अटॅक ऑफ द क्लोन्स' (२००२). सिनेटमध्ये अस्वस्थता, हजारो ग्रहमालांना बाहेर पडायचंय, माजी राणी मतदानाला येतेय. एवढंच लक्षात राहतं की बाकीच्या सिनेमांत क्रॉलनंतर कॅमेरा खाली वळतो, इथे तो वर जातो.

तळाला 'द राइज ऑफ स्कायवॉकर' (२०१९). पहिलं वाक्य म्हणतं, मेलेले बोलू लागले! जुन्या साप्ताहिक मालिकांचा खरा वारसदार शोभावा असं हे वाक्य, त्याला माझा सलाम. पण त्यामागे जे दडवलंय ते अक्षम्य आहे. मेला असं समजलेला खलनायक सम्राट पॅल्पटीन जिवंत आहे, ही या शेवटच्या तीन सिनेमांतली सर्वांत मोठी घटना, आणि ती घडते कुठे? दोन सिनेमांमधल्या फटीत. साऱ्या दीर्घिकेने त्याची धमकी ऐकली म्हणे. आपण ऐकली नाही. ती वाजली होती 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेमच्या एका कार्यक्रमात. 'सिथ'च्या क्रॉलमधलं पॅल्पटीनचं अपहरणही आधी कार्टून मालिकेत दाखवलं होतं, पण ती न बघताही काही अडत नव्हतं. इथे अडतं. सिनेमाने करायचं काम अक्षरांच्या गळ्यात मारलं की क्रॉलचा नुसता खुलासा होऊन बसतो.

'रोग वन'ला (२०१६) या यादीत जागा नाही, कारण त्याला क्रॉलच नाही. गरजही नव्हती. हेरांनी आराखडे पळवले, हे पहिल्या क्रॉलमधलं एक वाक्य. कोण होते ते हेर, कसे पळवले, त्यांचं पुढे काय झालं, याचा एकोणचाळीस वर्षांनी दोन तासांहून मोठा सिनेमा झाला. दोन वर्षांनी आलेल्या 'सोलो'ने ना धड क्रॉल ठेवला, ना सोडला. जागच्या जागी उमटणारी चार वाक्यं दाखवून मोकळा झाला. अक्षरं दाखवायचीच होती तर पळवायची तरी.