ओसीआरची रांग: सेलरी, टेम्पोरल, की साधं पोस्टग्रेस?

कॉपीराइट संपलेल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमधून मजकूर काढायचा (म्हणजे ओसीआरचा) उद्योग चालूच आहे. पीडीएफची पानं सुटी करायची, एकेक टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला द्यायचं, मजकूर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टाकायचा. हे चालतं घरच्या लॅपटॉपवर, ज्याच्या बॅटरीने कधीच राम म्हटलाय. लाईट गेली की मशीन बंद. त्यामुळे पानांची रांग सांभाळणारं टूल निवडताना वेग आणि डॅशबोर्ड गेले बाजूला. अर्धवट राहिलेलं पान परत कोण उचलणार, एवढंच बघितलं.

सुरुवात सेलरी या कामांच्या रांगेच्या लायब्ररीपासून, पायथनवाल्यांच्या हाताला तेच आधी लागतं. डिफॉल्टने ते काम सुरू होण्याआधीच ब्रोकरला (कामं साठवणाऱ्या प्रोग्रॅमला) पोच देतं आणि काम रांगेतून निघतं, म्हणजे मध्येच वीज गेली तर पान गेलं. ‘अ‍ॅक्स लेट’ हे सेटिंग लावलं की पोच शेवटी जाते. पण ब्रोकर रेडिस असेल तर अडकलेलं काम रांगेत परतायला डिफॉल्टने तासभर लागतो. तो कमी करा, मग रेडिसचं एओएफ (डिस्कवर नोंद ठेवणं) चालू करा... एका लॅपटॉपसाठी केवढा हा संसार!

टेम्पोरल, म्हणजे अनेक पायऱ्यांची कामं पार पाडणारं टूल, मनापासून आवडलं. उबरच्या केडन्स या प्रोजेक्टमधून 2019 मध्ये वेगळं झालेलं. प्रत्येक पायरीची नोंद ठेवतं आणि वर्कर (प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅम) पडला तर त्या नोंदी पुन्हा चालवून कोडला होता तिथे आणून सोडतं. पुन्हा चालवताना उत्तर बदलायला नको, म्हणून वर्कफ्लोच्या (पायऱ्यांच्या क्रमाच्या) कोडमध्ये थेट घड्याळ बघायचं नाही, रँडम आकडा घ्यायचा नाही. घरी चालवणाऱ्यांनो, टेम्पोरलचा डेव्ह सर्व्हर (चाचणीसाठीचा) डिफॉल्टने सगळं मेमरीत ठेवतो; डिस्कवर ठेवायचं तर डेटाबेस फाइलचं नाव आपल्याला द्यावं लागतं. पेमेंट, बुकिंग, ईमेल अशी साखळी असती तर डोळे झाकून हेच घेतलं असतं. माझं प्रत्येक पान सुटं आहे.

एअरफ्लो ठरल्या वेळच्या डेटा-कामांसाठी ठीक, इथे नको.

तेव्हा पोस्टग्रेसच. 9.5 पासून त्यात ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ आहे: एका वर्करने टेबलातली ओळ (म्हणजे एक पान) लॉक केली की दुसरा ती सोडून पुढची घेतो. मजकूर साठवणं आणि ‘झालं’ची खूण एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही). लाईट गेली तर सगळं रोलबॅक, ओळ मोकळी. ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) नव्याने मेलेल्या ओळी काढता येत नाहीत, पण पानामागे काही सेकंदच लागतात, म्हणून चालतंय. तासभराच्या कामाला हे करू नका.

एक गाठ सुटायची आहे. एखादं अवाढव्य स्कॅन मेमरी खाऊन वर्करलाच मारतं, तेव्हा ‘किती वेळा प्रयत्न केला’ हा आकडाही रोलबॅक होतो आणि तेच पान पुन्हा पुढे येतं. आकडा आधीच वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट करायचा, हे पुढचं काम.