पाव इंचाचा फरक

एखाद्या माणसाच्या बागेतील खेळण्याची आगगाडी पाहण्यासाठी मी एका राज्याच्या दोन टोकांना दोन वेळा तिकीट काढून जाईन, असे मला कोणी आधी सांगितले असते तर मी हसलो असतो. परंतु सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ भागातील संग्रहालयात, जे वॉल्ट डिस्ने यांच्या कुटुंबीयांनी २००९ मध्ये खुले केले, ‘लिली बेल’ नावाच्या एका इंजिनासमोर मी इतका वेळ उभा राहिलो, की बरोबरची मंडळी पुढील तीन दालने पाहून मला शोधत परत आली. इंजिन माझ्या कमरेपर्यंतही पोचत नव्हते. तरीही त्याला खरा बॉयलर होता, खरे दट्टे होते, आणि कोळसा जाळून ते आपल्यामागच्या डब्यांवर बसलेल्या मोठ्या माणसांना ओढून नेत असे. आता ते स्वच्छ पुसलेले, थंड आणि गप्प उभे होते. वाफेचे इंजिन थंड पाहणे मला नेहमीच थोडे अप्रशस्त वाटते, एखाद्या गवयाला केवळ छायाचित्रात पाहावे तसे.

हे इंजिन ज्या रुळांवर धावत असे ते रूळ लॉस एंजेलिसमधील होल्म्बी हिल्स भागात, कॅरलवुड ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावरील डिस्ने यांच्या घराच्या बागेत होते. त्यामुळे पुढचे आठ दिवस समुद्रकिनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना जे काही पाहिले (ते पुष्कळ होते आणि सुंदरही होते) त्याची माझ्या वहीत एकच ओळ आहे. लॉस एंजेलिसला आतेभावाकडे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्याला कॅरलवुड ड्राइव्हवर गाडी न्यायला लावली. तेथे उंच कुंपणे, बंद फाटके आणि काळजीपूर्वक कापलेली झुडपे यांखेरीज काहीही नाही. घर केव्हाच विकले गेले आणि पाडलेही गेले. “आता काय करायचे?” असे आतेभावाने विचारले तेव्हा त्याच्या आवाजात पाहुण्याविषयीचा आदर कष्टाने टिकवलेला जाणवत होता. वहिनींनी मागच्या आसनावरून शांतपणे सांगितले, की त्या बागेतील एक वस्तू ग्रिफिथ पार्कमध्ये आहे आणि ती महिन्याच्या तिसऱ्या रविवारी पाहता येते. तिसरा रविवार चार दिवसांवर होता. वहिनींचे हे उपकार मी विसरणार नाही.

ती वस्तू म्हणजे लाल रंगाचे एक लाकडी कोठार. मिसुरी राज्यातील मार्सलीन गावी डिस्ने यांच्या लहानपणी त्यांच्या शेतावर जसे कोठार होते, तशा घाटाचे कोठार त्यांनी आपल्या बागेत बांधून घेतले होते. रेल्वेचे सांधे बदलण्याची व्यवस्था तेथे होती, आणि डिस्ने यांचे सुतारकामही तेथेच चाले. १९९९ मध्ये ते तेथून हलवून ग्रिफिथ पार्कमध्ये उभे करण्यात आले. आत हत्यारे, जुनी छायाचित्रे आणि आमच्यासारख्या हौशी लोकांची दाटी होती. ज्या वयात लोक आपल्या छंदांचा त्याग केल्याचे कौतुकाने सांगतात, त्या वयात हा जगप्रसिद्ध माणूस संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या हातांनी मालगाडीचा शेवटचा डबा, म्हणजे गार्डाचा कॅबूस, तयार करीत बसे, आणि त्या डब्याच्या आत इवलीशी शेगडीसुद्धा त्याने बसवली. इंजिन मात्र त्यांच्या स्टुडिओच्या कारखान्यातील कारागिरांनी रॉजर ब्रॉगी यांच्या देखरेखीखाली घडवले. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या १७३ क्रमांकाच्या इंजिनाची ती एकास आठ प्रमाणातील प्रतिकृती होती, आणि तिला नाव पत्नीचे, लिलियनचे, देण्यात आले.

पत्नीच्या नावाने इंजिन घडवणे सोपे असते. तिच्या फुलझाडांच्या वाफ्यातून रूळ नेणे सोपे नसते. डिस्ने यांनी वकिलाकडून रीतसर करारपत्र तयार करवून त्यावर पत्नीच्या आणि दोन्ही मुलींच्या सह्या घेतल्या आणि रेल्वेला जाण्यायेण्याचा हक्क मिळवला. वाफा मोडू नये म्हणून त्याच्याखालून ९० फूट लांबीचा बोगदा काढला. हा बोगदा त्यांनी सरळ ठेवला नाही. आत शिरणाऱ्याला पलीकडचा उजेड दिसू नये, यासाठी त्याला मुद्दाम दोन वळणे दिली. सरळ बोगदा स्वस्तात होईल, असे सुचवणाऱ्या मुकादमाला डिस्ने यांनी उत्तर दिले, की बोगदा काढलाच नाही तर आणखी स्वस्त पडेल. १९५० मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेचा सारा मार्ग २,६१५ फुटांचा, म्हणजे सुमारे ८०० मीटरचा होता. लाकडी खांबांवरून जाणारा एक पूलही त्यात होता. छंद किती खर्चिक असावा याविषयी माझी मते कडक आहेत, तरी त्या वळणदार बोगद्याविषयी माझी मुळीच तक्रार नाही.

कोठाराला लागूनच लॉस एंजेलिस लाइव्ह स्टीमर्स या १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हौशी मंडळींच्या संस्थेचे रूळ पसरलेले आहेत, आणि रविवारी तेथे सर्वांना फेरी मारता येते. मी एका स्वयंसेवकाला विचारले, की लिली बेलला कधी येथे आणून चालवत नाहीत का. त्याने बोट आणि अंगठा यांच्यामध्ये अगदी थोडे अंतर ठेवून दाखवले आणि म्हणाला, “पाव इंच.” डिस्ने यांच्या रुळांमधील अंतर सव्वासात इंच होते, येथील रूळ साडेसात इंचांचे आहेत. तेथील खऱ्या, प्रमाण मापाच्या रेल्वेच्या ४ फूट साडेआठ इंचांना आठाने भागले, तर सात इंच आणि वर एक बारीकसा तुकडा उरतो. त्या तुकड्याचे पूर्णांकन कोणी सव्वासातावर केले, कोणी साडेसातावर, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात साडेसात रूढ झाले. तेव्हा लिली बेल येथे आणलीच, तर तिची चाके दोन रुळांच्या मध्ये खाली उतरतील. बाग एकीकडे गेली, इंजिन दुसरीकडे गेले, कोठार येथे आले, आणि कोठाराच्या दारातून दिसणारे रूळही त्या इंजिनाच्या कामाचे नाहीत, हे ऐकून मला उगीचच वाईट वाटले. माथेरानच्या गाडीचे दोन फुटांचे रूळ पाहून ज्याला लहानपणी ‘किती अरुंद’ असे वाटले होते, तो माणूस येथे पाव इंचासाठी हळहळत होता.

यानंतर फेरीची रांग. रांगेत उन्हात बराच वेळ गेला आणि शेजारच्या महामार्गावरील वाहनांचा घुमारा अखंड कानांवर येत होता. गर्दीविषयी माझी सहनशक्ती मुळातच बेताची आहे. त्यात गाडी सुटण्यापूर्वी गार्डाने दिलेल्या सूचना मला लहान मुलांसाठीच्या वाटल्या. डब्यावर घोड्यावर बसतात तसे दोन्हीकडे पाय टाकून बसावे, पाय पायफळीवरच ठेवावेत, हात आत ठेवावेत, बाजूला झुकू नये, फोन काढू नये. माझ्या पुढे खरोखरच सहा-सात वर्षांची एक मुलगी बसली होती आणि ती प्रत्येक सूचनेला मान डोलावत होती. मी मान डोलावली नाही. इंजिनामागे कोळशा-पाण्याच्या डब्यावर बसलेला चालक गुडघे कानांशी आलेल्या अवस्थेत पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे सतत पाहत होता. बॉयलर इतका लहान, की त्यातील पाणी बघता बघता उतरते. इंजिन आठपटीने लहान करता येते, पण पाण्याचा आणि आगीचा स्वभाव लहान करता येत नाही.

गाडी निघाली. जमिनीपासून वीतभर उंचीवरून जाताना वेग तिप्पट वाटतो आणि गवताची पाती पायांजवळून सरकतात. सिग्नल, बोगदे आणि सांधे ओलांडताना खाली होणारी खडखड अगदी खऱ्या गाडीसारखी, फक्त लहान आवाजात ऐकू येते. एका वळणावर इंजिन आपल्याच गाडीच्या पुढे अर्धवर्तुळात दिसू लागले. वाफेचा पांढरा झोत, लखलखणाऱ्या दांड्या, चालकाची वाकलेली पाठ हे सारे एका चौकटीत आले. मी फोन काढला आणि चौकट नीट जमावी म्हणून डावीकडे झुकलो.

डबा माझ्याखाली सरकल्यासारखा झाला. काहीही उलटले नाही, कोणाला काहीही लागले नाही. पण पुढच्या मुलीने दचकून मागे पाहिले, मागून शिट्टी वाजली आणि सारी गाडी थांबली. गार्ड रुळांच्या कडेने चालत माझ्यापाशी आला. तो सत्तरीचा असावा. आवाज न चढवता त्याने विचारले, “साहेब, आपले वजन किती?” मी सत्तर किलो असे सांगितले. तो म्हणाला, “या गाडीच्या मापाचा माणूस आपल्या हातातल्या फोनपेक्षा हलका भरेल.” मला हा टोमणा वाटला. रात्री मी गणित केले. लांबी, रुंदी आणि उंची आठपटीने कमी केली की वजन ५१२ पटीने कमी होते. म्हणजे माझे १३७ ग्रॅम, आणि माझा फोन त्याहून जड आहे. एवढे मोठे ओझे साडेसात इंचांच्या पायावर, तेही डब्यापेक्षा उंच बसवलेले असते. त्याने झुकायचे ठरवले, तर बिचारा डबा काय करणार? मी क्षमा मागितली. रांगेतील उन्हाची कुरकुर तेथेच संपली, कारण आता माझ्यामुळे आणखी एक गाडी मागे खोळंबली होती आणि तिच्यावरील पंधरा-वीस माणसे माझ्याकडे पाहत होती.

उतरल्यावर मी पुन्हा कोठारात गेलो, खरे तर तोंड लपवण्यासाठी. कॅरलवुडची रेल्वे तीनच वर्षे चालली हे मला ठाऊक होते. ती का थांबली हे मात्र मी सकाळी अर्धवटच ऐकले होते. आता नीट ऐकले. १९५३ मध्ये इंजिन चालवायला मिळालेल्या एका पाहुण्याने वळणावर वेग आवरला नाही. इंजिन रुळांवरून घसरून कलंडले, शिट्टी तुटली, त्या जागेतून वाफेचा झोत बाहेर पडू लागला, आणि हे काय आहे ते पाहायला धावलेल्या पाच वर्षांच्या एका मुलीचे पाय भाजले. डिस्ने यांनी रेल्वे बंद केली आणि इंजिन उचलून ठेवून दिले. करारपत्र, बोगदा, पूल, इवली शेगडी हे सगळे जागच्या जागी असताना गाडी पुन्हा धावली नाही. दोन वर्षांनी डिस्नेलँड उघडले तेव्हा तेथील पहिली इंजिने लिली बेलच्याच आराखड्यांवरून मोठ्या मापात बेतलेली होती आणि त्यांचे रूळ तीन फुटांचे होते. सकाळी ही माहिती मला केवळ एका उद्योजकाची पुढची पायरी वाटली होती. दुपारी, त्या मुलीने मागे वळून पाहिलेला चेहरा डोळ्यांसमोर असताना, ते तीन फूट मी निराळ्या कानांनी ऐकले.

आतेभाऊ आणि वहिनी दुसऱ्या फेरीला जाऊन आले. माझ्या अपराधाची बातमी त्यांच्याआधीच रांगेत पोचली होती, असे वहिनींनी मला गाडीत बसल्यावर सांगितले, आणि घरी पोचेपर्यंत दोघेही अत्यंत सभ्यपणे दुसऱ्या विषयांवर बोलत राहिले.

रात्री फोन पाहिला. वळणावरचे ते एकच छायाचित्र आले होते. इंजिन त्यात नाही, वाफ नाही, चालकाची पाठही नाही. थोडी खडी आहे, एका रुळाची कड आहे, आणि पायफळीच्या बाहेर लोंबकळणारा माझा डावा बूट अगदी स्पष्ट आला आहे.