हरी ओम हरी, मिशीसकट

दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात खाली मैदानात बेंजो पार्टीचा सराव सुरू झाला. ‘हरी ओम हरी’! कडवं संपताना बेंजोवाल्याने तारेवर अशी काही लाडिक कुरकुर काढली की झोप तर गेलीच, वर रागही येईना.

हुबेहूब नक्कल करणारे गायक मला सोसत नाहीत. ऑर्केस्ट्रात कुणी श्वासासकट किशोरकुमार काढायला लागला की मी बटाटेवड्याच्या गाडीकडे वळतो. त्यात डिस्कोची गाणी मुळातच चमकी लावून आलेली, त्यांच्याशी कसलं सोवळं पाळायचं? आणि मूळ तरी कुठलं धरायचं? ‘वन वे तिकीट’ हे इंग्रजी गाणं अमेरिकन गायक नील सेडाकाने गायलं १९५९ साली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इरप्शन नावाच्या बँडने ते डिस्कोवर नाचवलं. मग १९८०च्या ‘प्यारा दुश्मन’मध्ये बप्पीदांनी (बप्पी लाहिरींनी) तीच चाल ‘हरी ओम हरी’ म्हणून उषा उथुपना दिली. आगगाडी गेली, हरी आला.

आमच्या लालबागच्या चाळीत हे गाणं गणपतीत पहिल्यांदा म्हटलं ते एका काकांनी. काकूंची लग्नातली जरीची साडी, रुपयाएवढं कुंकू, गजरा, आणि मिशी तशीच. ती काढायला त्यांनी साफ नकार दिला होता. उषाताईंचा आवाज खर्जातला, त्यामुळे पट्टीसुद्धा बदलावी लागली नाही. फोकससमोर एक पोरगा लाल-हिरव्या जिलेटिनची चकती हाताने फिरवत होता. त्याचा हात दुखला की काका बराच वेळ हिरवेच राहत. ‘हरी ओम’ आलं की पुढे बसलेल्या आज्या सवयीने हात जोडत. सगळी चाळ हसून लोळत होती आणि काका मात्र एकदाही हसले नाहीत. पदर घसरला तेव्हा ताल न सोडता सावरला. सगळी गंमत तिथेच होती बहुतेक. म्हणजे, मला तरी तसं वाटतं.

पुढच्या वर्षी, १९८२च्या गणपतीत, गिरणी संपाला सात महिने होऊन गेले होते. काका गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागावरचे. तरी ते स्टेजवर आले, तसेच नाचले, वन्समोअरही घेतला. साडी फक्त शेजारणीची होती, सुती. जुनी जर विकत घेणारे तेव्हा चाळीत वरचेवर यायचे.