तुम्ही विचारलंत म्हणून : सांगलीत राहून शेंगदाणा टाळणे

“शेंगदाणा अजिबात चालत नाही म्हणता, मग सांगलीत राहून तुम्ही खाता तरी काय?” हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, भिशीच्या बैठकीत, सगळीकडे विचारला जातो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नही येतो, की जिची स्वतःचीच एवढी पथ्ये, ती बाई घरी आलेल्यांची पथ्ये कशी काय सांभाळते. उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून दोन्हींचे उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नाचे सोपे उत्तर असे, की बाकीचे सगळे खाते. शाळूची भाकरी, पिठले, आख्खा मसूर, घरचा मटणाचा रस्सा यांपैकी कशालाच शेंगदाण्याची गरज नसते. भरल्या वांग्यात मी तीळ आणि भाजलेले सुके खोबरे घालते, कोशिंबिरीत डाळव्याचे कूट घालते, आणि भाकरीबरोबर कारळ्याची किंवा जवसाची चटणी असते. भडंगही घरी करते. चुरमुऱ्यांना लसूण, कढीपत्ता आणि तिखटाची फोडणी देऊन दाण्यांच्या जागी डाळवे टाकते. अस्सल सांगलीकर त्याला भडंग म्हणायला तयार होत नाहीत, पण परात मात्र रिकामी करून जातात.

अडचण घरात नाही, उंबऱ्याबाहेर आहे. आपल्याकडे शेंगदाणा हा पदार्थ म्हणून जितका दिसतो, त्याहून अधिक तो न दिसता असतो. खर्ड्यात तो मिरचीबरोबर ठेचलेला असतो, पातळ झालेल्या भाजीला दाटपणा आणण्यासाठी शेवटच्या क्षणी मूठभर कूट पडलेले असते, आणि ज्या मिक्सरच्या भांड्यात सकाळी शेंगांची चटणी फिरवली त्याच भांड्यात, नुसते विसळून, दुपारी खोबऱ्याची चटणी वाटली जाते. पंगतीत चार वाट्यांचा चौफुला घेऊन वाढपी येतो, तेव्हा मी त्याच्या हाताकडे पाहत असते. चार वाट्यांत चमचे दोनच असतात. शेंगांच्या चटणीतला चमचा लोणच्यात जातो, लोणच्यातला कोशिंबिरीत, आणि माझ्यापर्यंत येईतो लोणच्याच्या खारावर तांबूस भुकटी तरंगू लागलेली असते. शेजारच्या बाईंना ती दिसतही नाही. मला दुसरे काही दिसत नाही.

तेलाबद्दलही लोक विचारतात. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगतेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, आणि ॲलर्जी होते ती प्रथिनांची, त्यामुळे ते तेल शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना सोसते. लाकडी घाण्याच्या तेलाचे तसे नाही. ते गाळलेले असले तरी त्यात दाण्याचा अंश राहतो, आणि हल्ली घाण्याचे तेल आरोग्यदायी म्हणून घरोघरी परत आल्यामुळे, ज्या घरी मी पूर्वी निःशंक जेवत होते तेथेही आता आधी विचारून घ्यावे लागते.

आता मुळात होते काय, ते सांगितले पाहिजे, कारण येथेच सर्वांत मोठा घोटाळा आहे. शेंगदाण्याने पित्त होते हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे मी दाणे खात नाही म्हटले, की समोरची व्यक्ती लगेच आपुलकीने सांगते, “मलापण होतं हो पित्त, तुम्ही असं करा, चांगले खमंग भाजायचे, सालं काढायची आणि गुळाबरोबर खायचे.” अंगावर गांधी उठलेल्या दिसल्या तर आमसुलाचे पाणी लावण्याचाही सल्ला मिळतो. छातीत जळजळ होणे ही पचनाची तक्रार आहे. माझ्या बाबतीत पचनाचा संबंध येण्याआधीच, घास तोंडात असतानाच, रोगप्रतिकारक यंत्रणा शेंगदाण्यातील प्रथिनांना शत्रू समजते. रक्तातील आयजीई नावाची प्रतिपिंडे विशिष्ट पेशींना चिकटून बसलेली असतात, प्रथिन त्यांना भिडले की त्या पेशी हिस्टामिन आणि तत्सम रसायने एकदम सोडतात, आणि जिभेला खाज, ओठांना सूज, अंगभर गांधी असे सुरू होऊन प्रकरण श्वासनलिका आवळण्यापर्यंत आणि रक्तदाब कोसळण्यापर्यंत जाऊ शकते. या टोकाच्या अवस्थेला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. खमंग भाजण्याच्या सल्ल्याबद्दल सांगायचे तर, कोरड्या उष्णतेने भाजल्यावर या प्रथिनांची ॲलर्जी घडवण्याची ताकद वाढते आणि पाण्यात उकडल्यावर ती काहीशी कमी होते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. म्हणजे प्रेमाने दिला जाणारा तो सल्ला बरोबर उलटा आहे. (उकडलेल्या शेंगाही मी खाऊ शकत नाही, कारण ‘काहीशी कमी’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही.)

सर्वांत अवघड दिवस एकादशीचा. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, वऱ्याच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, वर दाण्याचा लाडू. वर्षभर आपण जे अन्न साधे, सात्त्विक आणि आजाऱ्यालाही चालणारे मानतो, तेच मला सर्वांत वर्ज्य. नको असलेला पदार्थ टाळण्यासाठी “आज माझा उपवास आहे” ही सबब महाराष्ट्रात कोठेही चालते. मी ती सांगितली, तर यजमानीण लगबगीने आत जाऊन माझ्यासाठी नेमके तेच घेऊन येईल ज्यापासून मी पळत होते.

उपवासाचा विषय निघाला आहे तर मला मनापासून वाटते ते येथेच लिहिते. दुसऱ्याचे न खाणे समजून घेण्याची सवय आपल्या भागात फार जुनी आहे. माळकऱ्याच्या ताटात कोणी मटण वाढत नाही, सोमवार धरणाऱ्याला आग्रह होत नाही, चातुर्मासात कोणी वांगी-कांदा सोडला तर त्याच्याकडे कारण मागितले जात नाही. पण ॲलर्जी सांगितली, की समजूत घालणे सुरू होते. एका लग्नात आचाऱ्याने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितले होते, “ताई, भाजीत शेंगाचं कूट घातलेलं नाय. नुसतं वरनं भुरभुरलंय.” व्रत माणसाने स्वतःहून घेतलेले असते, म्हणून घेणाऱ्याच्या निग्रहाबद्दल आदर वाटतो. ॲलर्जीत निग्रहाचा भाग नाही, ती उणीव दिसते, आणि उणीव थोडीथोडी सवय करून भरून काढावी असे आपल्यावर संस्कार असतात. शिवाय व्रतामध्ये क्षमेची सोय आहे. अजाणता खाल्ले तर दोष लागत नाही आणि वाढणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते एवढे पुरते. शरीराकडे तशी सोय नाही. वाढणारीचा भाव किती निर्मळ होता हे प्रतिपिंडांना कळत नाही.

म्हणून मी मोघम बोलत नाही. जेवायचे निमंत्रण आले की आदल्या दिवशी फोन करते आणि सरळ सांगते, की पोटात दाण्याचा कण गेला तरी मला दवाखान्यात न्यावे लागेल. “यात शेंगा आहेत का?” असे विचारण्याऐवजी “कशाकशात शेंगा नक्की नाहीत?” असे विचारते, कारण पहिल्या प्रश्नाला शिष्टाचाराने “नाही, नाही” असे उत्तर येते आणि दुसऱ्यासाठी यजमानिणीला एकेक पातेले आठवावे लागते. कूट घालण्यापूर्वी माझ्यापुरती भाजी वेगळ्या वाटीत काढून ठेवायला सांगते. काहीच जमण्यासारखे नसेल तर वरण-भात-तूप. त्यासाठी कोणाला वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण मला वरण-भात खरोखरच आवडतो.

माझ्या पर्समध्ये ॲनाफिलॅक्सिस झाल्यास तातडीने टोचायच्या ॲड्रेनालिन या औषधाची कुपी आणि सिरिंज असते, हेही पुष्कळांना चमत्कारिक वाटते. परदेशात यासाठी आपोआप टोचणारे पेन मिळते, आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत ते सहजी मिळत नाही. म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत किती आणि कसे टोचायचे, हे डॉक्टरांनी मला आणि घरच्यांना करून दाखवले आहे. सेट्रिझिनच्या गोळीने खाज कमी होते, पण बंद होत आलेला श्वास तिने मोकळा होत नाही. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी रुग्णालयात जाऊन काही तास देखरेखीखाली राहावे लागते, कारण त्रास दुसऱ्यांदा उसळू शकतो. तोवर रुग्णाला चालवू नये, आडवे ठेवून पाय उंच करावेत. धाप लागली असेल तर मात्र बसू द्यावे.

आता दुसरा प्रश्न. माझ्याकडे जेवायला येणाऱ्यांना मी कारण विचारत नाही, मर्यादा विचारते. प्रत्येक पथ्याची मर्यादा वेगळ्या ठिकाणी असते आणि ती कळली की स्वयंपाक सोपा होतो. आमच्या शेजारच्या जैन काकूंसाठी पहिली मर्यादा घड्याळाची आहे. सूर्यास्तापूर्वी ताट झाले पाहिजे. दुसरी कंदमुळांची, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, ओले आले यांपैकी काही नको आणि मागाहून वेचून काढलेलेही नको. ओली हळद त्यांना चालत नाही पण वाळवलेली चालते, आणि हळदीच्या पेठेच्या गावात ते बरेच म्हणायचे. याउलट आमच्या ओळखीतले कित्येक जैन शेतकरी एरवी कांदा-बटाटा खातात आणि चातुर्मासात सोडतात, त्यामुळे आडनावावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की शेंग जमिनीखाली वाढत असली तरी ती कंदमुळात धरली जात नाही, त्यामुळे काकूंच्या स्वयंपाकात दाणे सढळ हाताने असतात. त्या माझ्याकडे जेवतात; मी त्यांच्याकडे केळे आणि दूध घेते, आणि याबद्दल दोघींच्याही मनात काही नाही.

माझ्या भाच्याला सीलिअॅक आहे. गहू, जव यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे त्याच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्याला शाळूची भाकरी चालते म्हणून मी सुरुवातीला निर्धास्त होते, पण त्याच्या आईने मला गिरणीवर नेले. जात्यात आधी गहू दळलेला असला, तर त्यावर दळलेल्या ज्वारीच्या पहिल्या काही ओंजळी गव्हाच्याच म्हणायच्या. “आधी दुसऱ्या कुणाची ज्वारी होऊ द्या, मग आमची घाला,” असे ती गिरणीवाल्याला सांगते, आणि तोही आता आपणहून थांबतो. घरी भाच्याचे दळण वेगळ्या डब्यात, परात वेगळी आणि तवा घासून घेतलेला. त्याच्या आमटीला फोडणी देताना मी डबीतले नेहमीचे हिंग वापरत नाही, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात अनेकदा मैदा मिसळलेला असतो. दुधाबाबत तर दोन सारखी वाटणारी पथ्ये अगदी वेगळी निघतात. ज्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यांना बहुधा ताक-दही सोसते. ज्यांना दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्यांच्या भाजीला दह्याचा हातही लागता कामा नये.

दमा असलेले एक नातेवाईक आले की शिऱ्यात बेदाणा घालत नाही. तासगावच्या बेदाण्याला पिवळाधमक रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि त्यातून राहणाऱ्या सल्फाइटने काही दमेकऱ्यांना त्रास होतो. पाकिटावर ही गोष्ट वाचायला मिळते. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी, शेंगदाणा, बदाम-काजूसारखी कवचफळे, सोयाबीन आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. सुट्या मालाला वेष्टन नसते, आणि आपण निम्मी खरेदी सुटी करतो.

अलीकडे लेकुरवाळ्या मुली मला आणखी एक गोष्ट विचारतात, की बाळाला माझ्यासारखे होऊ नये म्हणून दाणे किती वर्षांपर्यंत दूर ठेवावेत. माझ्याकडून त्यांना वेगळ्या उत्तराची अपेक्षा असते. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 तान्ह्या मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्वचेवरच्या चाचणीत शेंगदाण्याची ॲलर्जी न दिसलेल्यांपैकी ज्यांना शेंगदाणा टाळायला सांगितले होते, त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जीचे प्रमाण 13.7 टक्के होते. ज्यांना तो पहिल्या वर्षापासून नियमित दिला, त्यांच्यात 1.9 टक्के. तेव्हा बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, नसेल तर वरचे अन्न सुरू झाल्यावर दाण्याची बारीक वाटलेली पातळ पेज द्यावी, आणि अख्खा दाणा घशात अडकतो म्हणून तो मात्र पाच वर्षांपर्यंत देऊ नये. माझ्या पुतणीने तिच्या मुलीला तसेच दिले आणि आता ती पोर चिक्की मागते. ती आली की तोंड आणि हात धुऊनच माझ्या मांडीवर बसते. चिक्कीचा डबा तिच्या आईच्या गाडीत असतो.